बारखालची दोन बोटं

बेंच प्रेस म्हणजे उताणं पडून लोखंड ढकलायचं, असं ज्याला वाटतं त्याला मी माझ्या व्यायामशाळेच्या दारातूनच परत पाठवतो. लोक म्हणतात, धम्मदीप सर फार तापट. आहेच मी तापट. माणसाच्या छातीवर साठ किलो लोखंड टांगलेलं असतं आणि तो आरशात स्वतःचे केस बघत असतो, तेव्हा मी काय त्याला ओवाळू?

मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. पाळी सुटली की साडेपाचला कारखान्यामागच्या गल्लीतली टिनाची शेड उघडतो. दोन बेंच, एक पंखा, आरसा नाही. पहिले पंधरा दिवस मी कुणाला वजन लावू देत नाही, नुसता वीस किलोचा बार. डोळे बारच्या बरोबर खाली हवेत. पाय जमिनीला चिकटलेले. खांद्याची पाती मागे ओढून एकमेकींजवळ आणायची आणि बेंचवर तशीच दाबून ठेवायची, म्हणजे छाती वर येते आणि खांदा वाचतो. अंगठा बारभोवती गुंडाळलेला पाहिजे. अंगठा मोकळा सोडणाऱ्याला मी सरळ हाकलतो, कारण घामेजलेला हात सटकला तर बार गळ्यावर येतो, आणि गळ्याला बरगड्या नसतात. मनगट सरळ, कोपराच्या बरोबर वर. कोपरं अंगाला चिकटवायची नाहीत आणि पार आडवी फाकवायचीही नाहीत. बार छातीच्या खालच्या भागावर टेकवायचा, आपटायचा नाही. टेकला की पूर्ण थांबायचं आणि मग ढकलायचा. ढकलताना कुल्ले बेंचवरून सुटले तर ती उचल मी मोजत नाही. हे सगळं सांगायला मला दोन मिनिटं लागतात आणि ऐकणाऱ्याला ते अंगात भिनवायला वर्ष लागतं. तेवढा धीर कुणाला नाही, म्हणून माझ्याकडे माणसं कमी.

ज्यांना धीर नाही ती आर्णी रोडवर ऋतिककडे जातात. ऋतिक एकेकाळी माझाच विद्यार्थी. आता त्याच्याकडे एसी आहे, लाल-निळे दिवे आहेत आणि व्हिडिओ काढायला वेगळी जागा आहे. मी एकदा त्याचा व्हिडिओ बघितला. एक गडी बेंचवर पडलेला, हा त्याच्या डोक्याशी उभा, दोन्ही हातांनी बार धरून अर्धं वजन स्वतःच ओढतोय आणि वर ओरडतोय, सगळं तुझंच आहे भाऊ, सगळं तुझंच. खाली लिहिलेलं शंभर किलो. आमच्याकडे कापसाच्या बाजारात याला काट्यात मारणं म्हणतात. फरक इतकाच की तिथं शेतकऱ्याला निदान शंका तरी येते. मी तो व्हिडिओ शेडमधल्या प्रत्येकाला दाखवला आणि ऋतिकच्या नावानं पुढं महिनाभर शिव्या दिल्या.

आणि हे सगळं बोलणाऱ्या माणसानं काय केलं ते आता ऐका. मधे हसू नका, माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

माझी बहीण नलू कळंबला असते. अंगणवाडीत मदतनीस आहे. तिची मुलगी पायल तेवीस वर्षांची. कॉलेजात असताना पायलनं पॉवरलिफ्टिंगमध्ये जिल्ह्यात तिसरा नंबर काढला होता, नंतर कळंबलाच एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. ज्युनिअर गटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. जिल्हा निवडीच्या स्पर्धेत सत्तावन्न किलो वजनगटात बेंच प्रेसला साठ किलो उचलले तर राज्य स्पर्धेच्या संघात नाव लागणार होतं. राज्याला पदक आलं तर खेळाडूचं प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्रावर नोकरीच्या रांगेत दहा पावलं पुढं उभं राहता येतं. पायलला ते हवं होतं. तोंडानं फार बोलत नाही ती, पण हवं होतं.

मीच कळंबला गेलो आणि नलूला सांगितलं, चार महिने पोरगी माझ्याकडे पाठव, साठ किलोची जबाबदारी माझी. दुकानवाला चार महिन्यांची सुट्टी देईना. पायलनं नोकरी सोडली. माझ्या शब्दावर सोडली, हे मी मुद्दाम लिहितोय.

पोरीचं अंग ऐकणारं होतं. जे मी पोरांना सहा-सहा महिने ओरडून शिकवतो ते तिनं तीन आठवड्यांत उचललं. पाती आवळणं, टाच रोवणं, छातीवर बार निवांत थांबवणं, सगळं. पहिल्या महिन्यात पंचेचाळीस झाले, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात पंचावन्न. साडेतीन महिने झाले त्या संध्याकाळी साठ किलो वर गेले आणि मी सगळ्या शेडला जिलबी वाटली. नलूला फोन करून म्हणालो, तुह्या पोरीनं साठ मारले. मी आनंदानं ओरडत होतो, तरी ओरडतच होतो.

आता माझ्या बोटांबद्दल सांगतो. बेंचवर पडणाऱ्याच्या डोक्यामागे एक माणूस उभा लागतो. बार रॅकवरून काढून द्यायचा, मग हात सोडून नुसतं लक्ष ठेवायचं, आणि बार अडकला तरच धरायचा, एवढंच त्याचं काम. सतरा वर्षांपूर्वी अमरावतीला सराव करताना माझ्यामागे असाच एक माणूस उभा होता. त्याचा फोन वाजला. तो वळला. एकशे दहा किलो माझ्या छातीवर आले, उजव्या बाजूचा स्नायू फाटला आणि माझा खेळ तिथंच संपला. तेव्हाच मी शपथ घेतली की माझ्या विद्यार्थ्याच्या बारखालून माझी बोटं हलणार नाहीत. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं, बारच्या खाली, नुसती टेकलेली. मी त्याला आधार म्हणायचो. उचलणं वेगळं आणि आधार वेगळा, असं माझं ठाम मत होतं. ऋतिक ओढत होता, मी आधार देत होतो.

पायलनं दुसऱ्या महिन्यात एकदा म्हटलं, मामा, एक डाव हात काढून पाहू ना. मी असा ओरडलो की शेजारच्या बेंचवरच्या पोरानं बार ठेवून दिला. स्पर्धेच्या दहा दिवस आधी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, तुला मरायचं असेल तर ऋतिककडे जा, आणि त्या दिवशी तिचा सराव बंद करून तिला घरी पाठवलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ऋतिक शेडमध्ये आला होता. स्पर्धेच्या आयोजनात तो होता, नावं गोळा करत फिरत होता. पायलचा एक सेट बघत दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, सर, तुमचे बोटं बारले लागून राह्यले. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, जिंकलो.

स्पर्धा यवतमाळला दारव्हा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होती, रविवारी सकाळी. नवरा-नवरीच्या खुर्च्या कोपऱ्यात सारून स्टेजवर बेंच मांडला होता. मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये सरावाचा दुसरा बेंच. खेळाडूंची वजनं करायला काटा आणला होता माझ्या मित्रानं, रहेमाननं. रहेमानचं घराणं काटेदुरुस्तीचं. सोयाबीन-कापसाच्या दिवसांत तो महागावपासून कळंबपर्यंत व्यापाऱ्यांचे काटे तपासत फिरतो. तीस वर्षांची आमची दोस्ती, आणि तीस वर्षांत त्याच्या काट्याला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

पायलचं वजन छप्पन किलो चारशे ग्रॅम भरलं. पहिल्या उचलीचं वजन चिठ्ठीवर लिहून द्यायचं असतं. मी पंचावन्न लिहिलं. नलू शेजारी उभी होती, म्हणाली, दादा, थोडं कमी लिव ना. मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं? प्रत्येकीला तीन संधी असतात आणि एकदा लिहिलेलं वजन पुढं वाढवता येतं, खाली आणता येत नाही. हा नियम मला पाठ होता. साठ मारणाऱ्या पोरीला पंचावन्न म्हणजे हातचा मळ, असं म्हणून मी चिठ्ठी टेबलावर आपटली.

तिचं नाव पुकारलं. ती निजली, पाय रोवले, पाती आवळली. मागे आयोजकांचा माणूस उभा होता, त्यानं बार काढून दिला आणि नियमाप्रमाणे हात मागे घेतले. बार खाली आला, छातीवर टेकला, मुख्य पंच मॅडम म्हणाल्या, प्रेस. बार वर निघाला आणि छातीपासून वीतभर अंतरावर अडकला. पायलचे हात थरथरले. बार पुन्हा खाली जाऊ लागला तसा दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांनी तो धरला. तीन पंच, तिघांचे लाल झेंडे.

मी स्टेजवर चढलो. आधी मागच्या माणसाला बोललो, बार वाकडा दिला म्हणून. मग पंचांना बोललो, प्रेस म्हणायला उशीर केला म्हणून. मॅडमनी शांतपणे विचारलं, लेखी तक्रार आहे का? त्या शांतपणानं माझं टाळकं आणखी सरकलं. मी म्हणालो, वजनच चुकीचं आहे, या प्लेटा जास्तीच्या आहेत, काटा बोलवा.

काटा आला. दोनशे माणसांसमोर रहेमाननं बार, दोन प्लेटा आणि दोन्ही टोकांच्या कड्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. सगळं मिळून चोपन्न किलो नऊशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम कमीच. मागून कुणीतरी हसलं. हसण्यानं माणूस काय बोलून जातो ते बघा. मी म्हणालो, मग तुझा काटाच खोटा आहे.

रहेमाननं काट्याचं एक टोक धरलं, दुसरं धरायला एकाला बोलावलं आणि काटा मागच्या हॉलमध्ये नेला. जाताना एवढंच म्हणाला, "चल."

स्टेजवर पुढच्या मुलीचं नाव पुकारलं जात होतं. पायलची दुसरी पाळी यायला दहाएक मिनिटं होती. मागच्या हॉलमध्ये रहेमाननं सरावाच्या बेंचच्या डोक्याशी काटा ठेवला, बरोबर मी उभा राहतो तिथं, आणि आकडा दाखवणारा खांब माझ्या उजव्या हाताला वळवला. बारवर पन्नास किलो होते.

"आता तू चढ याच्यावर," तो म्हणाला. "रोज जसा उभा राह्यतो तसाच."

मी म्हणालो, हा काय तमाशा आहे, पोरीची ताकद खर्च होईल. पण आमच्यामागून आलेली पायल तोवर बेंचवर निजली होती. कुणी तिला निज म्हटलं नव्हतं.

मी चढलो. अठ्ठ्याहत्तर किलो. ते माझंच वजन. मी बार काढून तिच्या हातात दिला आणि सवयीप्रमाणे दोन-दोन बोटं खाली ठेवली. आकडा पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आला. बार खाली गेला, माझी बोटंही गेली. बार छातीवर थांबला, आकडाही जागेवर थांबला. मी मनात म्हणालो, बघ आता. आणि बार वर निघाला. एकोणऐंशी. एक्याऐंशी. मी ठरवून बोटं सैल केली, देवाशपथ सैल केली. वीतभर उंचीवर तिचे हात अडखळले आणि आकडा शहाऐंशी झाला, मग सत्त्याऐंशी. बार वर गेला. आकडा अठ्ठ्याहत्तरवर परत आला.

मला बोटांत काहीच जाणवलं नव्हतं. पिशवी उचलायला लागतो तेवढासुद्धा जोर नाही. पण बारचं जे वजन मी स्वतःवर घेत होतो ते माझ्या पायांतून काट्यात उतरत होतं आणि काटा ते दाखवत होता. नऊ किलो. चार महिने, आठवड्याचे पाच दिवस, प्रत्येक अवघड उचलीला, तिला जिथं जोर लावायला शिकायचं होतं नेमकं तिथंच मी नऊ किलो चोरत होतो.

पायल उठून बसली. ती खांबाकडे बघत होती, रहेमान तिला आकडे सांगत होता. तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली असावी.

"म्हंजे मी साठ कधी मारलेच नाही," ती म्हणाली. "एक्कावन मारले."

मला इथं तिची माफी मागता आली असती. शहाण्या माणसानं मागितली असती. मी काय केलं, तर ओरडलो. "अन् छातीवर पडलं असतं तं? तुह्या मायले मी काय तोंड दाखवलं असतं?"

"पडलं असतं तं कळलं असतं ना मले," पायल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण रागानं तिच्या नाकपुड्या हलत होत्या, अगदी माझ्यासारख्या. "दोन डाव म्हटलं मी तुमाले, हात काढा म्हून. दोन महिन्याआधी कळलं असतं. आज दोनशे माणसांत कळून राह्यलं."

मग ती म्हणाली, तुम्ही बाहेर जाऊन आईजवळ बसा. मामाला असं कुणी सांगत नाही आमच्याकडे. मी गेलो.

खुर्चीवर बसल्यावर पुढचं डोक्यात आलं. साठ तर हातचे गेलेच होते. पण मी चिठ्ठीवर पंचावन्न लिहिले होते आणि ते आता खाली येणार नव्हते. पन्नास, साडेबावन्न, जे तिला नक्की जमलं असतं, ते मागायची सोय मी माझ्या हातानं बंद केली होती. उरलेल्या दोन संधींत पंचावन्न गेले नाहीत तर निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढं आकडाच नसणार होता. नोकरी सोडून चार महिने घाम गाळलेल्या पोरीच्या नावापुढं एक रेघ. मी जन्मभर लोकांवर रागावलो. त्या खुर्चीवर मला पहिल्यांदा खरा माणूस सापडला ज्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती, आणि तो मीच होतो.

नलूनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. नऊ किलोंसकट सगळं. तिनं पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.

प्रत्येक खेळाडूच्या बाजूनं कुणीतरी टेबलाशी उभं राहावं लागतं, पुढच्या वजनाची चिठ्ठी द्यायला. पायलच्या बाजूनं ऋतिक जाऊन उभा राहिला. त्याची स्वतःची विद्यार्थिनी त्याच गटात होती, तरी राहिला. ज्याला मी महिनाभर चोर म्हटलं, ज्याला दारातून हाकललं, तो माझ्या भाचीची चिठ्ठी देत होता. मला तिथं जाऊन त्याची कॉलर धरावीशी वाटली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यानं तिला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही, एवढं मी लांबून पाहिलं.

दुसरी संधी. पंचावन्न. पायल स्टेजवर आली तीच धगधगत. बार छातीवर टेकला, प्रेस झालं, आणि तिनं असा जोर केला की बार त्या वीतभर जागेतून निघाला आणि थेट वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण मी तिचे कुल्ले बेंचवरून सुटलेले पाहिले होते. दोन लाल, एक पांढरा, म्हणजे उचल बाद. राग अंगात असला की माणूस पाय विसरतो. तो राग तिच्यात कुणी भरला हे सांगायला काट्याची गरज नव्हती. मी उठून उभा राहिलो, ओरडून तिला टाच सांगणार होतो. नलूनं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं.

मधली दहा मिनिटं कशी गेली ते मला माहीत नाही. पायल बाहेरच्या नळावर तोंड धुऊन आली आणि स्टेजच्या पायरीवर बसली.

तिसरी संधी. ती निजली. या वेळी घाई नव्हती. आधी पाय लावले, ते बरोबर नाहीत म्हणून उचलून पुन्हा लावले. पाती आवळली. बोटं एकेक करून बारवर गुंडाळली, अंगठा शेवटी. मागच्या माणसानं बार काढून दिला आणि हात पाठीमागे घेतले. बार खाली येऊ लागला.

त्या वेळी मी शेजारी बघितलं. नलूचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक गुंतलेले. तिची मुलगी पंचावन्न किलोखाली होती, तिनं हा खेळ आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला असेल, ती घाबरलेली होती, ओठ पांढरे पडले होते. पण तिचे हात हलले नाहीत. आणि माझे? माझे दोन्ही हात छातीसमोर वर आले होते, दोन-दोन बोटं वाकलेली. आठव्या रांगेतून मी हवेतला बार उचलत होतो. मागच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, भाऊ, हात खाली घ्या, दिसत नाही. नलूनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा स्टेजकडे पाहू लागली.

बार छातीवर थांबला. प्रेस. वर निघाला आणि तिथंच, वीतभर उंचीवर, मंदावला. थांबला नाही, पण इतका मंदावला की मागच्या माणसाचे हात पाठीमागून पुढं आले. धरू नको, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो की मनात, आठवत नाही. पायलच्या टाचा जमिनीत रुतलेल्या होत्या, कुल्ले बेंचवर होते. बार बोटभर सरकला, अजून बोटभर, मग कोपरं सरळ झाली. मॅडम म्हणाल्या, रॅक. तीन पांढरे झेंडे.

संघाची यादी तासाभरानं वाचली. सत्तावन्न किलो गटात ऋतिकच्या विद्यार्थिनीनं साडेबासष्ट उचलले होते, तिचं नाव लागलं. पायलचं लागलं नाही. ते लागणार नव्हतंच.

बाहेर रहेमान काटा छोट्या टेम्पोत चढवत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, काटा बरोबर होता. तो म्हणाला, मालूम है, आणि दोरी बांधत राहिला. एवढ्यावर तो मला सोडणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

पायल आणि नलू रस्त्याच्या कडेला ऑटोची वाट बघत होत्या, स्टँडवर जायला. मी त्यांच्यासोबत बसलो. स्टँडवर उतरल्यावर मला गप्प बसवेना. सवय वाईट. मी सुरू झालो, दुसऱ्या उचलीत टाच उचलली म्हणून कुल्ले सुटले, तिसऱ्यात डावं कोपर किंचित बाहेर गेलं. पायलनं सगळं ऐकून घेतलं. बरोबरच बोलत होतो मी, म्हणून ऐकलं असेल.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "पंचावन्न माह्ये हायेत, मामा. साठ तुमचे होते."

मी म्हणालो, ज्युनिअर संपलं तरी खुला गट आहे, त्याला वयाची अट नाही, पुढच्या वर्षी पुन्हा उतरता येईल, सोमवारी ये. तिनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, दुकानवाल्याला विचारून पाहते परत घेतो का, आणि रविवारी येईन, आईला रविवारी सुट्टी असते.

"आईचं काय काम?" मी विचारलं.

"मागं ती उभी राहीन."

मी हसलो, रागानंच हसलो. म्हणालो, नलूनं आयुष्यात बारला हात लावलेला नाही, तिला यातलं काय येतं?

"अडकलं तं धरनं शिकवून द्या तिले, एका दिवसात येते ते," पायल म्हणाली. "बाकी हात आवरता येते तिले."

नलू गाडीची पाटी वाचत होती, किंवा वाचल्यासारखं करत होती. कळंबची गाडी लागली. मी पायलची बॅग उचलायला वाकलो, तोवर तिनं ती खांद्यावर घेतली होती.